चरबीचा हिशेब कोण ठेवतो? बार हार्बरच्या लठ्ठ उंदरांपासून लेप्टिनपर्यंत

१/
१९४९ सालचा उन्हाळा. अमेरिकेच्या ईशान्य टोकाला, मेन राज्यातील बार हार्बर या समुद्रकाठच्या गावी जॅक्सन प्रयोगशाळेच्या पिंजऱ्यांत एक विलक्षण लठ्ठ उंदीर आढळला. भावंडांना मिळणारे खाद्य तेच, पिंजराही तोच. तरी हा मात्र दिवसेंदिवस फुगतच चालला होता. त्याच्या वंशातील असे उंदीर पुढे सामान्य उंदराच्या तिप्पट वजनाचे होऊ लागले. या एका उंदराने उभा केलेला प्रश्न सुटायला तब्बल ४५ वर्षे लागली. त्या शोधाचा हा इतिहास.

२/
प्रश्न दिसायला साधा होता. शरीरात चरबी किती साठवायची, हे ठरवते कोण? युरोपातील ख्रिस्ती परंपरेने अतिभक्षणाला सात महापापांत बसवले होते. आपल्याकडेही ‘खाऊन खाऊन सुटला’ हा शेरा सहज मारला जातो. लठ्ठ माणूस म्हणजे जिभेवर ताबा नसलेला माणूस, हा निवाडा प्रयोगशाळा जन्माला येण्याच्या कितीतरी आधी झालेला होता. म्हणून पुढची कथा केवळ उंदरांची राहत नाही. ती त्या निवाड्याची फेरतपासणी आहे.

३/
एक साधे गणित पाहावे. रोज २,५०० कॅलरी खाणारा माणूस वर्षाला सुमारे ९ लाख कॅलरी खातो. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात. म्हणजे वर्षभरात वजन एक किलोने वाढले, तरी जमाखर्चातली चूक एक टक्क्याहून कमीच भरते. रोजचे जेवण मोजूनमापून न घेताही बहुतेक प्राणी आणि माणसे हा हिशेब इतका चोख ठेवतात. एवढी काटेकोर वही शरीरात कोण लिहीत असेल?

४/
पहिला सुगावा रुग्णांकडून मिळाला. १८४० मध्ये बर्नार्ड मोर या जर्मन वैद्याने मेंदूच्या तळाशी गाठ झालेल्या आणि झपाट्याने स्थूल झालेल्या एका रुग्णाची नोंद केली. १९०१ मध्ये व्हिएन्नात आल्फ्रेड फ्रॉलिश याने अशाच एका मुलाचे वर्णन केले. संशय स्वाभाविकपणे पिट्युटरी ग्रंथीवर गेला. परंतु त्याच शहरातील याकोब एर्डहाइम याने १९०४ मध्ये वेगळे मत मांडले: दोष ग्रंथीत नसावा, तिच्या अगदी वर असलेल्या मेंदूच्या भागात असावा. तो भाग म्हणजे हायपोथॅलॅमस.

५/
हा वाद जवळजवळ चार दशके रेंगाळला, कारण दोन्ही अवयव एकमेकांना इतके चिकटून आहेत की एकाला धक्का न लावता दुसऱ्याची परीक्षा घेणे अवघड होते. १९४० मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील आल्बर्ट हेदरिंग्टन आणि स्टीफन रॅन्सन यांनी तो निकालात काढला. डोके स्थिर धरून सुई नेमक्या जागी नेणारे हॉर्सली-क्लार्क उपकरण त्यांनी वापरले, पिट्युटरीला हात न लावता मोठ्या उंदरांच्या हायपोथॅलॅमसमध्ये सूक्ष्म इजा केली, आणि ते उंदीर लठ्ठ झाले. एर्डहाइमचा तर्क खरा ठरला.

६/
येथे एक भारतीय नाव येते. १९५१ मध्ये येल विद्यापीठात बाळकृष्ण आनंद आणि जॉन ब्रोबेक यांनी याच हायपोथॅलॅमसच्या बाजूच्या भागात इजा करून पाहिली. परिणाम अगदी उलट झाला: उंदरांनी खाणेच सोडले. समोर अन्न असूनही ते उपाशी राहू लागले. हेच आनंद पुढे दिल्लीच्या एम्समध्ये शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक झाले. भूक लागणे आणि तृप्त होणे या दोन्ही गोष्टींच्या जागा मेंदूत दाखवता येतात, हे आता स्पष्ट दिसू लागले होते.

७/
पण मेंदूला शरीरातील चरबीची खबर लागते कशी? १९५३ मध्ये गॉर्डन केनेडी या ब्रिटिश संशोधकाने तर्क मांडला की चरबीचे साठे रक्तातून काहीतरी संदेश पाठवत असावेत आणि हायपोथॅलॅमस तो वाचत असावा. संदेश वाढला की भूक कमी, घटला की भूक जास्त. खोलीचे तापमान राखणाऱ्या थर्मोस्टॅटसारखी ही चरबीची राखण. कल्पना देखणी होती. पुरावा अजून यायचा होता.

८/
१९५९ मध्ये जी. आर. हर्वी याने तो पुरावा एका विलक्षण पद्धतीने गोळा केला. दोन मोठ्या उंदरांची शरीरे शस्त्रक्रियेने कुशीपाशी जोडली की त्यांचे रक्त हळूहळू एकमेकांत मिसळते. या पद्धतीला पॅराबायोसिस म्हणतात. अशा जोडीतील एकाच्या हायपोथॅलॅमसला हर्वीने इजा केली. तो लठ्ठ होत गेला. जोडीदार मात्र हाडकुळा होत गेला. लठ्ठ उंदराच्या रक्तातून ‘पुरे झाले’ असा संदेश वाहत होता. इजा झालेला मेंदू तो ऐकू शकत नव्हता आणि जोडीदाराचा शाबूत मेंदू तो ऐकून उपाशी राहत होता.

९/
आता पुन्हा बार हार्बर. क्लॅरेन्स कुक लिटल याने १९२९ मध्ये ही प्रयोगशाळा स्थापन केली. भावंडांचा पिढ्यान्‌पिढ्या संकर करून जनुकीयदृष्ट्या जवळजवळ एकसारखे उंदीर तयार करणे, हे तिचे वैशिष्ट्य. १९४७ च्या ऑक्टोबरात वणव्याने प्रयोगशाळा जवळपास भस्मसात झाली. तेव्हा पूर्वी तिथून उंदीर नेलेल्या ठिकठिकाणच्या संशोधकांनी त्याच वंशाचे उंदीर परत पाठवले आणि त्यांतून वसाहती पुन्हा उभ्या राहिल्या. १९४९ चा लठ्ठ उंदीर सापडला तो या पुनर्जन्मानंतर दोनच वर्षांनी.

१०/
१९५० मध्ये इंगॉल्स, डिकी आणि स्नेल या तिघांनी त्याची नोंद प्रसिद्ध केली. हा लठ्ठपणा एकाच जनुकातील बिघाडाने येत होता. आई आणि वडील दोघांकडून सदोष प्रत मिळाली तरच तो प्रकट होई. जनुकाला ‘ओबी’ हे छोटे नाव मिळाले. एका अक्षराचा फरक आणि तिप्पट वजन! पण ते जनुक नेमके काय करते, हे सांगण्याचे साधन त्या काळी कोणाकडेच नव्हते. डीएनएची दुपेडी रचना उलगडायलाच अजून तीन वर्षे होती.

११/
१९५८ मध्ये डग्लस कोलमन हा कॅनडात जन्मलेला तरुण जीवरसायनशास्त्रज्ञ बार हार्बरला आला. थोडा काळ राहून पुढे जावे, असा त्याचा बेत होता. तो तिथेच स्थिरावला. १९६६ मध्ये कॅथरीन हमेल, मार्गारेट डिकी आणि कोलमन यांनी दुसऱ्या एका उत्परिवर्तनाची नोंद केली. हे उंदीरही प्रचंड लठ्ठ, शिवाय त्यांना तीव्र मधुमेह. या जनुकाला ‘डीबी’ म्हटले गेले. दिसायला दोन्ही उंदीर सारखेच, पण बिघाड वेगवेगळ्या गुणसूत्रांवर. कोलमनने पॅराबायोसिसचे हत्यार हाती घेतले.

१२/
पहिली जोडी: डीबी आणि सामान्य उंदीर. डीबीच्या रक्तातील दोष जोडीदारात उतरेल, अशी कोणाचीही अपेक्षा असती. घडले भलतेच. सामान्य उंदराने खाणे थांबवले, त्याच्या रक्तातील साखर उपासमारीच्या पातळीला उतरली आणि तो मेला. डीबी उंदीर मात्र खातच राहिला. म्हणजे डीबीच्या रक्तात तृप्तीचा संदेश इतका दाट होता की सामान्य प्राण्याचा त्याने जीव घेतला.

१३/
दुसरी जोडी: ओबी आणि सामान्य. येथे सामान्य उंदराला काहीच झाले नाही. ओबीने मात्र खाणे कमी केले आणि त्याचे वजन उतरू लागले. म्हणजे ओबी हा संदेश ऐकू शकत होता. त्याच्या स्वतःच्या शरीरात तो तयारच होत नव्हता.

तिसरी जोडी निर्णायक ठरली: ओबी आणि डीबी. ओबीने खाणे सोडले आणि तो उपासमारीने मेला. डीबी लठ्ठच राहिला.

१४/
कोलमनने १९७३ मध्ये निष्कर्ष मांडला. ओबी उंदरात संदेशच नाही; डीबी उंदरात संदेश भरपूर, पण तो घेणारा ग्राहकच नाही. एकाकडे पत्र नाही, दुसऱ्याकडे पेटी नाही. कोणत्याही रेणूचे नाव ठाऊक नसताना, केवळ तीन जोड्यांवरून काढलेला हा निष्कर्ष वीस वर्षांनंतर शब्दशः खरा ठरला.

१५/
पण त्या वेळी त्याला फारसे श्रोते मिळाले नाहीत. लठ्ठपणा हा सवयीचा प्रश्न आहे, असे मानणाऱ्यांना रक्तातला अदृश्य संदेश पटणे कठीण होते. शिवाय तो पदार्थ हाती नव्हता. कोलमनने तो शोधण्याचा वर्षानुवर्षे प्रयत्न केला आणि तो अयशस्वी ठरला. १९७९ मध्ये रोझलिन यालो आणि युजीन स्ट्राउस यांनी ओबी उंदरांच्या मेंदूत कोलेसिस्टोकायनिन हे संप्रेरक कमी असल्याचे सांगितले. नोबेलविजेत्या यालोंच्या नावामुळे या दाव्याला वजन होते.

१६/
न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातील जेफ्री फ्रीडमन हा तरुण डॉक्टर याच संप्रेरकाच्या मागे लागला. त्याचे जनुक उंदराच्या ९ व्या गुणसूत्रावर निघाले. ओबी जनुक होते ६ व्या गुणसूत्रावर. हा संशयित निर्दोष सुटला. आता मार्ग उरला तो एकच: पदार्थाचा अंदाज न बांधता थेट जनुकच गाठायचे. १९८६ च्या सुमारास हे काम सुरू झाले. त्यात रुडॉल्फ लायबेल हा लहान मुलांच्या लठ्ठपणाचा अभ्यास करणारा डॉक्टर सहकारी होता.

१७/
त्या काळी उंदराचा जनुकनकाशा उपलब्ध नव्हता. शेकडो उंदरांचा संकर करायचा, कोणती खूण लठ्ठपणाबरोबर पुढच्या पिढीत जाते ते पाहायचे, आणि गुणसूत्रावरील शोधाचे क्षेत्र इंच-इंच आखूड करत आणायचे. मोजणी करणाऱ्याने साखळी टाकत टाकत अखेर एका बांधाशी पोहोचावे, तसे हे काम. त्याला आठ वर्षे लागली.

१८/
८ मे १९९४, रविवारची पहाट. फ्रीडमनने प्रयोगशाळेत एक फिल्म धुतली. शोधक्षेत्रातील एक जनुक चरबीच्या पेशींत कार्यरत दिसत होते, आणि लठ्ठ उंदरांमध्ये त्याचे वर्तन बिघडलेले होते. हेच ते ओबी जनुक. १ डिसेंबर १९९४ च्या ‘नेचर’मध्ये लेख प्रसिद्ध झाला. लेखकांच्या यादीत लायबेलचे नाव नव्हते. श्रेयाचा हा प्रश्न पुढे बराच काळ चर्चेत राहिला.

१९/
त्या लेखातील एक बारकावा फार महत्त्वाचा आहे. ओबी उंदरांचे दोन वंश तपासले गेले. एकात जनुकाचा संदेश उमटतच नव्हता. दुसऱ्यात जनुकाच्या मजकुरात अकाली पूर्णविराम पडला होता, त्यामुळे प्रथिन अर्धवट राहत होते. पण त्याच जनुकाची हालचाल मात्र सुमारे वीसपट वाढलेली होती. चरबी वाढली की तिच्या पेशी हे जनुक अधिक चालवतात. संदेश पोहोचत नाही, साठा वाढत जातो, आणि हाकही तितकीच मोठी होत जाते. केनेडीच्या कल्पनेतील वही सापडली होती.

२०/
प्रथिनाला ‘लेप्टिन’ हे नाव मिळाले. ग्रीक ‘लेप्टोस’ म्हणजे कृश. १९९५ च्या जुलैमध्ये तीन वेगवेगळ्या गटांनी एकाच वेळी दाखवले की लेप्टिन टोचल्यावर ओबी उंदीर बारीक होतात, आणि डीबी उंदरांवर काहीही परिणाम होत नाही. कोलमनने वर्तवलेले तंतोतंत हेच होते. ॲमजेन या कंपनीने या शोधाच्या हक्कांसाठी रॉकफेलर विद्यापीठाला २ कोटी डॉलर मोजले. लठ्ठपणावरील रामबाण औषध दाराशी आले आहे, असे अनेकांना वाटू लागले.

२१/
त्याच वर्षाच्या अखेरीस लुईस टार्टाग्लिया आणि सहकाऱ्यांनी लेप्टिनचा ग्राहक शोधला. १९९६ मध्ये डीबी उंदराचे गूढ उकलले. त्याच्यात जनुकाच्या संदेशाची कापणी-जोडणी चुकत होती. ग्राहकाचा बाहेरचा भाग शाबूत होता, पण पेशीच्या आत संदेश पोहोचवणारी लांब शेपटी गायब. घंटेचे बटण होते, आतली तार तुटलेली होती.

२२/
ही तार जाते कुठे? हायपोथॅलॅमसच्या तळाशी चेतापेशींचे दोन परस्परविरोधी गट शेजारीशेजारी बसलेले आहेत. लेप्टिन चिकटले की पेशीत ‘स्टॅट-३’ नावाचे प्रथिन जागे होते, केंद्रकात शिरते आणि जनुके चालू-बंद करते. एका गटात पीओएमसी हे जनुक वाढते. त्यातून भूक शमवणारा संदेश तयार होतो. दुसऱ्या गटात एजीआरपी हे भूक चाळवणारे जनुक दबते. लेप्टिन घटले की पारडे उलटते. चरबीतील एक जनुक मेंदूतील इतर जनुकांना अशा रीतीने आज्ञा देते.

२३/
या टप्प्यावर इतिहासाने एक सुंदर वळण घेतले. १९०५ मध्ये नान्सीच्या ल्युसियाँ क्युएनो याला पिवळ्या उंदरांचा शुद्ध वंश काही केल्या मिळत नव्हता. १९१० मध्ये विल्यम कॅसल आणि त्याचा शिष्य क्लॅरेन्स कुक लिटल यांनी कारण सांगितले: पिवळेपणाच्या दोन प्रती मिळालेली पिल्ले जन्मापूर्वीच मरतात. हाच लिटल पुढे जॅक्सन प्रयोगशाळेचा संस्थापक झाला. त्या पिवळ्या उंदरांची आणखी एक खोड होती: ते लठ्ठ होत.

२४/
केसांचा रंग आणि पोटाची चरबी यांचा संबंध काय? उत्तर मिळायला १९९० चे दशक उजाडले. पिवळा रंग आणणारे अगूटी हे प्रथिन त्वचेतील एका ग्राहकाला अडवते. या उंदरांत ते शरीरभर तयार होते आणि मेंदूतील त्याच कुळातल्या एमसी-४ या ग्राहकालाही अडवते. पीओएमसीपासून बनलेला तृप्तीचा संदेश ज्या दारातून आत जातो, तेच हे दार. १९९७ मध्ये हे दार नसलेले उंदीर तयार केले गेले, आणि तेही लठ्ठ झाले.

२५/
मेंदू केवळ भूकच आवरतो का? नाही. कमी खाऊन जितकी चरबी उतरावी, त्याहून अधिक चरबी लेप्टिनमुळे उतरते. २००२ मध्ये फ्रीडमनच्या गटाने यकृतातील एससीडी-१ या जनुकाकडे बोट दाखवले. त्यापासून बनणारे विकर मेदाम्लांना साठवणीयोग्य रूप देते. लेप्टिन ते जनुक दाबते. ओबी उंदरांतून हे जनुक काढून टाकले, तर लेप्टिन नसतानाही त्यांचा लठ्ठपणा बराच कमी झाला. पुढे दिसले की लेप्टिन थेट मेंदूत सोडले तरी यकृतातील हे जनुक दबते. आज्ञा वरून सुटते, अंमल यकृतात होतो.

२६/
चरबीच्या पेशींपर्यंतही ही आज्ञा तारेने पोहोचते. २०१५ मध्ये पोर्तुगालमधील आना दोमिंगोस यांच्या गटाने दाखवले की अनुकंपी चेतातंतू थेट चरबीच्या पेशींना भिडलेले असतात आणि लेप्टिनच्या प्रभावाने होणारे चरबीचे विघटन त्यांच्यामार्फतच घडते. चरबी रक्तातून मेंदूला कळवते. मेंदू चेतातंतूंतून चरबीला उत्तर देतो. वर्तुळ येथे पूर्ण होते.

२७/
आणि माणसे? १९९७ मध्ये केंब्रिजच्या स्टीफन ओराहिली, सदफ फारूकी आणि सहकाऱ्यांनी पाकिस्तानी वंशाच्या एका कुटुंबातील दोन भावंडांचा अभ्यास प्रसिद्ध केला. नात्याने ती चुलत-मावस पिढीतील होती. मुलगी ८ वर्षांची, वजन ८६ किलो. मुलगा २ वर्षांचा, वजन २९ किलो. दोघांच्याही लेप्टिन जनुकातील एकच अक्षर गळालेले होते. शरीराला मात्र वाटत होते की आपण उपाशी आहोत.

२८/
मुलीला रोज लेप्टिन टोचणे सुरू झाले तेव्हा तिचे वजन ९४.४ किलो होते. वर्षभरात ते १६.४ किलोंनी उतरले. ती इतर मुलांसारखी जेवू लागली. तिच्या इच्छाशक्तीत कोणताही बदल झाला नव्हता. बदलले होते ते रक्तातील एक प्रथिन. ‘जिभेवर ताबा नाही’ हा जुना निवाडा निदान या मुलीपुरता तरी सपशेल खोटा ठरला.

२९/
मात्र रामबाण औषधाचे स्वप्न विरले. बहुतेक स्थूल माणसांच्या रक्तात लेप्टिन कमी नसतेच, उलट जास्त असते. त्यांच्या मेंदूवर त्याचा प्रभाव पडेनासा झालेला असतो. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सर्वसाधारण स्थूल व्यक्तींना लेप्टिनचा मर्यादितच उपयोग झाला. शिवाय लेप्टिनचे मुख्य काम लठ्ठपणा रोखणे नसून उपासमारीची सूचना देणे असावे, हेही उमगले. दुष्काळ आणि टंचाई पाहत घडलेल्या शरीराला घटत्या साठ्याची काळजी अधिक असते. वजन उतरवल्यावर भूक का वाढते, याचा एक धागा येथे सापडतो.

३०/
तरी शोध वाया गेला नाही. चरबीच साठवू न शकणाऱ्या, लिपोडिस्ट्रॉफीच्या दुर्मीळ रुग्णांसाठी २०१४ मध्ये अमेरिकेत कृत्रिम लेप्टिनला परवानगी मिळाली. २०२० मध्ये काही दुर्मीळ आनुवंशिक लठ्ठपणांसाठी एमसी-४ ग्राहकाला जागे करणारे सेटमेलॅनोटाइड हे औषध मंजूर झाले. एका जनुकाच्या बिघाडाने येणारा लठ्ठपणा क्वचितच आढळतो. बहुतेकांच्या बाबतीत अनेक जनुके, आहार आणि परिस्थिती यांचा गुंता असतो. पण तो गुंता मेंदूतल्या याच वाटांवरून जातो.

३१/
२०१० मध्ये कोलमन आणि फ्रीडमन यांना लास्कर पुरस्कार विभागून देण्यात आला. कोलमन तोवर बार हार्बरच्या प्रयोगशाळेतून निवृत्त होऊन बराच काळ लोटला होता. २०१४ मध्ये त्याचे निधन झाले. ज्या पदार्थाचा माग त्याला कधीच लागला नाही, त्याचे अस्तित्व त्याने उंदरांच्या तीन जोड्यांवरून ओळखले होते. लठ्ठ प्राण्याकडे पाहून दोष न ठेवता ‘याच्या रक्तात काय कमी आहे?’ असे त्याने विचारले, आणि त्या एका प्रश्नाचे उत्तर पुढे केंब्रिजमधल्या एका लहान मुलीच्या ताटापर्यंत पोहोचले.

(समाप्त)